थांबायला पैसे लागतात



या अंकाचे संपादकीय खरे तर दुसऱ्याच विषयावर लिहायचे ठरले होते. ते बाजूला ठेवावे लागले, कारण बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात झालेली गटाची बैठक. तासाभरात आटोपेल अशी ती बैठक रात्री साडेनऊपर्यंत चालली, दोघीजणी रागावून मधेच उठल्या, आणि जाताना जिन्यावरही भांडण चालूच होते. विषय होता गटाचा आपद्निधी.

ठराव तसा साधा. आपद्निधीचे पैसे बचत खात्यात नुसते पडून आहेत, महागाई ते वर्षागणिक कुरतडते आहे, तेव्हा त्यातले निम्मे शेअरबाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात टाकावेत. ठराव मांडणारी आपलीच तरुण कार्यकर्ती, रोज लोकलने मुंबईला जाऊन एका कचेरीत हिशेबाचे काम करणारी. "सोन्यात पैसे घातले तर कुणी चकार शब्द काढत नाही, फंडाचं नाव घेतलं की सगळ्या दचकता," ती म्हणाली. त्यावर पोळ्या लाटण्याचे काम करणाऱ्या आपल्या एक मावशी म्हणाल्या, "लढाई लागते तिकडे कुठेतरी आणि सिलिंडर महागतो माझ्या घरात. त्या लढाईच्या तोंडी आणखी आपणच पैसे नेऊन द्यायचे?"

दोघींच्याही बोलण्यावर टाळ्या पडल्या, म्हणून हे लिहायला घेतले.

आधी एक कबुली. पैसा कुठे ठेवावा, वाढवावा कसा, यावर आपण चळवळीतल्या बायका फारशा बोललोच नाही. नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाविरुद्ध मोर्चे काढताना, खाउजा धोरणावर शिबिरे घेताना शेअरबाजार म्हणजे समोरच्यांचा वाडा, एवढीच आपली समजूत होती. १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला आणि त्याच महिन्यात हर्षद मेहता प्रकरण बाहेर पडले, तेव्हा तर ही समजूत पक्कीच झाली. २००१ च्या जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. निवृत्त माणसांनी, विधवा बायकांनी 'सरकारीच आहे' म्हणून त्यात आयुष्याची पुंजी ठेवलेली होती. पुढे ३,००० युनिटांपर्यंत दहा रुपये भावाने परत घेण्याची सोय झाली, पण विश्वास गेला तो गेलाच. आपण दोन्ही वेळा टीका केली आणि ती बरोबरच होती. मात्र टीका झाल्यावर बाईने तिचे पाचशे रुपये ठेवायचे कुठे, हा प्रश्न आपण तिच्या नवऱ्यावर, सोनारावर आणि एजंटावर सोडून दिला. आपण गप्प राहिलो ती जागा कुणीतरी भरणारच होते.

आता त्या तरुण मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येऊ. फंडवाले, वर्तमानपत्रांतले सल्लागार, सगळे एकच सांगतात: जगात युद्ध होवो, निवडणूक होवो, बाजार पडला तर घाबरून विकू नका, थांबा. हा सल्ला खोटा नाही, आकडे त्याच्या बाजूने आहेत. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि ऑक्टोबरात तो साडेआठ हजारांवर आला. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१ हजारांवर पोचला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्या एका दिवसात सेन्सेक्स २,७०२ अंकांनी कोसळला. महिन्याभरात तो पूर्वीच्या पातळीवर आला. ७ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांच्या आयात शुल्काच्या धसक्याने २,२०० हून अधिक अंक गेले आणि काही आठवड्यांत भरूनही निघाले. ज्या थांबल्या त्यांचे नुकसान झाले नाही.

पण थांबल्या कोण?

२०२० चे वर्ष आठवा. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला एकाच दिवसात तो ३,९३५ अंकांनी पडून २६ हजारांच्या खाली बंद झाला. नोव्हेंबरात तो परत ४२ हजारांच्या वर. म्हणजे आठ महिने थांबायचे होते. या आठ महिन्यांत हेंद्रेपाड्यात काय चालले होते? २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. लोकल त्याआधीच थांबलेली. डोंबिवली, ठाणे, मुलुंडला घरकाम करणाऱ्या आपल्या बायकांची कामे एका रात्रीत गेली. जूनमध्ये लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि धुणेभांडी कुणी अत्यावश्यक सेवेत धरली नाहीत. सर्व महिलांना लोकल खुली झाली २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. जिला सात वाजता पहिल्या घरी पोचायचे असते तिने अकराच्या गाडीचे काय करायचे? बाजार सावरण्याचे ते आठ महिने आणि बाईच्या हातात पैसा नसण्याचे ते आठ महिने एकच होते. त्या काळात कुणाकडे फंडाचे पंधरा हजार असते तर मे महिन्यात ते निघाले असते, नेमके सगळ्यात वाईट भावाला. ती घाबरली म्हणून नाही. घरभाडे थकले म्हणून.

सल्लागारांच्या हिशेबात ही गोष्ट येत नाही. बाजार पडणे आणि रोजगार पडणे या दोन वेगवेगळ्या घटना आहेत असे धरून तो सल्ला दिलेला असतो. महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या घरात तसे असूही शकते. आपल्या घरांत दोन्ही संकटे बहुधा एकाच गाडीने येतात. थांबण्याची ताकद हीच मुळात एक पुंजी आहे, आणि ती जिच्याकडे आहे तिचा पैसा वाढतो. मावशींच्या सिलिंडरचेच पाहा: युक्रेनच्या धक्क्यातून शेअरबाजार महिन्यात सावरला, पण मुंबईतला घरगुती सिलिंडर २०२२ च्या जुलैपर्यंत चढत चढत १,०५२ रुपयांवर गेला. ज्या युद्धात गुंतवणूकदाराचे नुकसान महिन्याभरात भरून निघाले, त्याची वसुली स्वयंपाकघरातून पुढे कितीतरी महिने चालू राहिली.

(थांबण्याची ताकद नसली की सरकारेसुद्धा बाईसारखीच वागतात. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, परकीय चलन संपत आले. १९९१ च्या मे महिन्यात सरकारने चोरट्या व्यापारातून जप्त केलेले २० टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेकडे पाठवले आणि जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या बँकांकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उचलले. तेव्हा देशाची लाज गेली म्हणून केवढा गहजब झाला! आपल्या वस्तीत मे-जूनमध्ये, शाळेच्या फीच्या दिवसांत, हेच दर वर्षी होते.)

सोन्याबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. सुशिक्षित मंडळी बायकांच्या सोन्याच्या हौसेला हसतात. आपणही शिबिरांमधून दागिन्यांना बेडीची उपमा देत आलो. पण उल्हासनगरच्या छावण्यांत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना विचारून पाहा. घर, जमीन, दुकान मागे राहिले. अंगावर जे होते तेवढेच सीमा ओलांडून आले. जगाच्या उलथापालथीत बाईला कुणाच्या सहीशिवाय उचलून नेता येते, रात्रीत गहाण टाकता येते, अशी तिच्या ताब्यातली वस्तू सोन्याखेरीज दुसरी कोणती होती? बँक खाते उघडायला नवऱ्याची संमती विचारली जाण्याचे दिवस काही फार जुने नाहीत. आणि भावानेही तिला खोटे पाडलेले नाही. १९९१ मध्ये दहा ग्रॅमला साडेतीन हजारांच्या आसपास असलेले सोने २०२५ च्या एप्रिलमध्ये एक लाखाला टेकले आणि त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत सव्वा लाखाच्याही पुढे गेले.

तरी सोने नेहमी वाढतेच, हे खरे नाही. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात औंसाला ८५० डॉलरचा भाव आला होता. तो पुन्हा दिसायला २००८ उजाडले, म्हणजे एक पिढी गेली. आपल्याकडे २०१२ मध्ये ३१ हजारांच्या आसपास असलेले सोने २०१५ मध्ये २६ हजारांच्या घरात होते. ज्या आईने २०१२ ला मुलीच्या लग्नासाठी घेतले आणि २०१५ ला मोडायला नेले, तिला पाच हजारांची खोट तर बसलीच, शिवाय घडणावळ आणि त्यावरचा कर कुणी परत दिला नाही. दागिना अंगावर घालायला घेतला तर ती हौस, हरकत नाही. पण अडचणीला उपयोगी पडावा म्हणून घ्यायचा असेल तर नक्षी कमी, वजन जास्त, आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक पाहूनच घ्यावा. तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे.

सोन्याच्या नावाने काय विकले जाते तेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, डोंबिवली-ठाण्यातली गुडविन ज्वेलर्सची दुकाने बंद झाली. महिन्याला हप्ता भरून वर्षाअखेरी दागिना देण्याच्या योजनेत बायकांचे पैसे होते. २०२५ च्या जानेवारीत टोरेसच्या दादर, कल्याण वगैरे ठिकाणच्या दुकानांपुढे गर्दी उसळली. तिथे खड्याच्या खरेदीवर आठवड्याला व्याज कबूल केले होते. आठवड्याला! दोन्ही प्रकरणांत गुन्हे दाखल झाले. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला आहे, त्याखाली मालमत्ता जप्तही होतात. पण जप्तीतून पैसे हातात पडेपर्यंत मुलीचे लग्न होऊन बाळंतपणही आटोपलेले असते. लक्षात घ्या, या बायका शेअरबाजाराला घाबरूनच तिथे गेल्या होत्या. बाजारातला चढउतार निदान रोज वर्तमानपत्रात छापून येतो. जिथे कधीच काही पडत नाही असे सांगितले जाते, तिथला चढउतार एकदाच कळतो, शटरला कुलूप दिसते तेव्हा.

बँकेचेही तेच. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि तिथे तर आरंभी एक रुपयाही निघत नव्हता. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; त्याआधी ते एक लाखच होते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर 'पतसंस्था' लिहिले आहे की 'बँक', हे वाचायला अर्धा मिनिट लागतो. आपल्यातल्या किती जणींनी वाचले आहे?

दुसऱ्या टोकाला आपली पोरे आहेत. दोन घरांत एकच गोष्ट कानावर आली: मुलाने मोबाईलवर 'ऑप्शन'चा खेळ मांडला, आणि तोटा भरायला आईच्या पाटल्या गेल्या. सेबीनेच २०२५ मध्ये जाहीर केले की २०२४-२५ या वर्षात अशा व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९१ टक्क्यांना तोटा झाला, आणि एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर होता. याला गुंतवणूक म्हणू नका. मटक्याला निदान आपण मटका म्हणत होतो.

आता जी गोष्ट बैठकीत कुणीच काढली नाही ती. पैसा नेमका कुणाचा? आपल्या गटातल्या ज्या बायकांच्या नावे फंड किंवा डीमॅट खाते आहे त्यांना आम्ही एक प्रश्न विचारला: ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? बहुतेकींचे उत्तर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या, असे आले. खाते तिचे, पॅन तिचे, उद्या कराची नोटीस आली तर तीही तिच्याच नावाने. खरेदी-विक्री मात्र दुसऱ्याच्या बोटावर. एकीला तर आपल्या नावाने शेअर आहेत हे बँकेतून आलेल्या संदेशामुळे कळले. घरगुती हिंसाचाराविरोधी २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार धरला आहे, स्त्रीच्या मालमत्तेची परस्पर विल्हेवाट लावणे त्यात येते. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही, अडीनडीला वापरले तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधनाची मालकी स्पष्ट केल्यानंतर २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बजावले आहे. पण कायदा हातात घेण्यापूर्वी सिमकार्ड तरी हातात पाहिजे.

नॉमिनीचाही असाच घोळ. 'माझं नाव नॉमिनी म्हणून लावलंय, म्हणजे मागे ते माझंच' अशी आपली समजूत असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच विम्याबाबत सांगितले होते की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. शेअर आणि फंडाबाबतही तेच, हे १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने ठरले. तो खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला होता. तेव्हा नवऱ्याने नॉमिनी केले म्हणून निर्धास्त राहू नका. मृत्युपत्र आहे का, विचारा. विचारायला वाईट वाटते खरे. चहा करता करता विचारा.

काही जुन्या मैत्रिणींचा आक्षेप वेगळा आहे आणि तो आम्हाला मोलाचा वाटतो. त्या म्हणतात, बायकांना फंड शिकवणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे. म्हातारपणाची जबाबदारी राज्याने उचलायची, ती आता ज्याच्या त्याच्या गळ्यात बांधली जाते आहे, आणि आपण त्याला हातभार लावायचा? राज्य सरकारी नोकरांचीच पेन्शन २००५ च्या नोव्हेंबरानंतर भरती झालेल्यांसाठी बाजाराला जोडली गेली. घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्यातून आपल्या मावशींना महिन्याची पेन्शन लागलेली नाही. बायकांसाठी निश्चित व्याजाचे महिला सन्मान बचत पत्र २०२३ मध्ये आले, साडेसात टक्के, दोन वर्षांचे. ३१ मार्च २०२५ ला ते बंदही झाले. यावर मोर्चा काढला पाहिजे आणि काढूच. पण मोर्चा सोमवारी असतो आणि हप्ता पाच तारखेला. दोन्हींचा विचार एकाच बाईला करावा लागतो.

हप्त्यावरून आठवले. ज्या मैत्रिणींनी पाचशे रुपयांची एसआयपी सुरू केली त्यातल्या दोघींचा पगार दहा तारखेला होतो आणि हप्त्याची तारीख एजंटाने पाच टाकली होती. खात्यात पैसे नसले की बँक दंड कापते. तीन महिने असे झाले, आणि फंडाने जे कमावले असते त्याहून अधिक दंडात गेले. तारीख बदलता येते, हप्ता थांबवताही येतो. हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

आणि शेवटचा हिशेब, जो या सगळ्याच्या आधी करायला हवा. आपल्यातल्या कितीतरी जणी खासगी सावकाराचे शेकडा पाच रुपये महिना व्याज भरतात. वर्षाला साठ टक्के. जगातला कुठलाही शेअरबाजार, कुठल्याही युद्धाच्या किंवा शांततेच्या काळात, भरवशाने साठ टक्के देत नाही. जिच्या डोक्यावर असे कर्ज आहे तिने दुसरीकडे एक रुपयाही गुंतवू नये, आधी ते फेडावे. गटाकडून शेकडा दोनने घेऊन फेडले तरी तिचे महिन्याला शेकडा तीन वाचतात. ठराव मांडणाऱ्या मैत्रिणीने हा हिशेब स्वतःच फळ्यावर मांडला आणि मग म्हणाली, "निधी बाजारात नको. आधी सावकार काढू."

तर बैठकीत ठरले ते असे. आपद्निधी बाजारात जाणार नाही. तो ज्या दिवशी लागतो त्या दिवशी थांबता येत नाही. तीन महिने पुरेल एवढी रक्कम खात्यात राहील, उरलेली विम्याच्या मर्यादेत बसेल अशी दोन बँकांत मुदत ठेवीत, लहान लहान पावत्या करून, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. ज्यांच्यावर कर्ज नाही, ज्यांचा पैसा पाच-सात वर्षे लागणार नाही, त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फंडाचा विचार जरूर करावा. त्यांच्यासाठी ती तरुण मैत्रीण महिन्यातून एकदा बसणार आहे. कुठल्याही एजंटाला त्या बैठकीला प्रवेश नाही, मग तो कुणाचा भाचा असो. मावशी या निर्णयाने पूर्ण समाधानी नाहीत. फंडाची बैठक गटाच्या जागेत नको, असे त्यांचे म्हणणे नोंदवून घेतले आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपले पासबुक, असतील त्या पावत्या, पॅनकार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल घेऊन यावे. मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुणाकडे असेल तर तसे कागदावर लिहून आणा. २०१९ च्या पुरात ज्यांचे कागद भिजले आणि अजून दुसरे काढलेले नाहीत, त्यांनी रिकाम्या हाताने या. अर्ज आपण तिथेच भरू.